वाचकांचे प्रश्न : उद्देशिकेतले क्रियापद

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरणारी होती. संविधानात समता आहे, कायद्यांत समता आहे, भाषणांत तर ती ओसंडून वाहते. मग ती घरात, शाळेत, भाड्याच्या खोलीत आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात का सापडत नाही, असे वाचकांनी आपापल्या अनुभवातून विचारले आहे. त्यांतली सहा पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तीस वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली केलेली बाई आहे, त्यामुळे उत्तरांत कलमे आणि तारखा थोड्या जास्त येतील, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला शिकवते. परिपाठात मुले रोज संविधानाची उद्देशिका म्हणतात. मागच्या महिन्यात एका मुलीने विचारले, "बाई, 'दर्जाची व संधीची समानता' असं आपण रोज म्हणतो, मग आमच्या वस्तीत पाणी सगळ्यांच्या शेवटी का येतं?" तिच्या वस्तीच्या पाटीवर 'समतानगर' असे लिहिले आहे. मला काहीच उत्तर सुचले नाही. काय सांगायला हवे होते?
— एक शिक्षिका

उत्तर : पाठ केलेल्या वाक्याला उलटा प्रश्न विचारणारी एक मुलगी आपल्या वर्गात निघाली, म्हणजे आपला परिपाठ वाया गेलेला नाही. आता तिच्या प्रश्नाकडे वळू.

आधी पाटीविषयी. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची आणि रस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे त्यांच्या जागी सुचवली. निर्णय योग्यच होता, कारण पत्त्यातच जात लिहावी लागणे हा रोजचा अपमान असतो. परंतु पाटी बदलते तेव्हा पाटीखालून जाणारी जलवाहिनी बदलत नाही. पाण्याची टाकी गावाच्या मध्यभागी, वस्ती गावकुसाबाहेर, आणि नळाची वाहिनी टाकीपासून निघून सगळ्या आळ्या फिरून शेवटी वस्तीत पोहोचते. त्यामुळे दाब तिथे जाईपर्यंत संपतो. पाणी सोडणाऱ्या शिपायाच्या मनात आज काही नसेलही, सरपंचाच्या मनातही नसेल. ज्यांनी वस्तीची जागा गावाबाहेर ठरवली ते केव्हाच गेले, आणि त्यांचा तो निर्णय मात्र रोज सकाळी नळाला येतो. आठवीच्या मुलीला हे समजते, किंबहुना मोठ्यांपेक्षा लवकर समजते, कारण हंडा घेऊन ती उभी असते.

यानंतर तिला उद्देशिकेतले क्रियापद शोधायला सांगावे. आपण सारे 'समानता' या नामावर थांबतो आणि वाक्य कुठे संपते ते पाहत नाही. "दर्जाची व संधीची समानता, निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा" असे शब्द आहेत आणि ते पुढे "संकल्पपूर्वक निर्धार करून" यापाशी जातात. म्हणजे समानता आहे, असे त्या वाक्यात कोठेही म्हटलेले नाही. ती मिळवून देण्याचा निर्धार आम्ही केला आहे, इतकेच म्हटले आहे. निर्धार करणारे कोण, तर "आम्ही, भारताचे लोक". आणि संविधान दिले कोणाला, तर "स्वतःप्रत अर्पण". देणेकरी आणि सावकार एकच असलेला असा दस्त माझ्या उभ्या वकिलीत मी दुसरा पाहिलेला नाही, आणि देणे थकण्याचे एक कारण तेही असावे.

हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे नाही. संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. आंबेडकरांनी संविधानसभेत स्पष्ट सांगितले की २६ जानेवारी १९५० पासून आपण एका विसंगत जीवनात प्रवेश करत आहोत. राजकारणात आपल्याकडे समता असेल, आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही, तर ज्यांना विषमतेची झळ बसते ते लोक या सभेने कष्टाने उभारलेला लोकशाहीचा डोलारा उधळून लावतील, असा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला. मसुदा समितीच्या अध्यक्षानेच आपल्या कामाच्या समारोपात असे बोलावे, यामागे महाडचा अनुभव होता असे मला नेहमी वाटते.

महाडची गोष्ट मुलांना आपण सत्याग्रहाच्या दिवसापासून सांगतो, पण खरी शिकण्यासारखी गोष्ट त्याच्या आधीची आणि नंतरची आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपल्या हद्दीतले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे १९२४ मध्ये हक्क दिला गेला होता, कागद पूर्ण होता, आणि तरीही तीन वर्षांत त्या तळ्यावर कोणाही अस्पृश्याला पाणी भरता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांनी नवीन हक्क मागितला नव्हता. मिळालेला हक्क वापरून पाहिला होता. त्याबद्दल त्यांना मारहाण झाली, आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तळे सार्वजनिक नाहीच असा दावा चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने अखेरचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. बोले ठरावापासून मोजले तर जवळजवळ चौदा वर्षे.

या गोष्टीत मला एक व्यवस्था दिसते, आणि या पानावरच्या बाकीच्या पत्रांतही तीच दिसेल. विषमता चालू ठेवायला कोणाला अर्ज करावा लागत नाही, साक्षीदार आणावे लागत नाहीत, तारखेला हजर राहावे लागत नाही. समता हवी असेल तर हे सगळे करावे लागते, आणि करावे लागते ते ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि पाठबळ सर्वांत कमी आहे त्यालाच.

म्हणून एक सूचना. वर्गातल्या मुलांना पंधरा दिवस आपापल्या आळीत पाणी किती वाजता आले, किती वेळ राहिले आणि त्यात किती हंडे भरले, याची नोंद ठेवायला सांगावी. गणिताचा तास वाया जाणार नाही. ती नोंद ग्रामसभेत ठेवावी. मात्र अर्जावर त्या मुलीचे किंवा तिच्या वडिलांचे नाव घालू नये, आपले घालावे.

प्रश्न : वडील वारल्यावर तेराव्यानंतर लगेच भावाने हक्कसोडपत्राचा विषय काढला. "ताई, नुसती सही आहे, तुझं माहेर कुठं जातंय," असे म्हणाला. आम्ही दोघी बहिणींनी सह्या केल्या. आता माझ्या मुलीच्या शिक्षणाला पैसे कमी पडत आहेत, आणि रस्त्यालगतचा तुकडा भावाने विकल्याचे दुसऱ्यांकडून कळले. मुलीचा मुलाइतकाच हक्क असतो म्हणतात. मग माझा कुठे गेला? आणि तो परत मिळेल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत आहे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले गेले असेल, तर ते रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो, आणि फसवणूक, दडपण किंवा गैरवाजवी प्रभाव यांपैकी काही तरी सिद्ध करावे लागते. केवळ "मला वाईट वाटले" किंवा "मला नीट समजले नव्हते" एवढ्यावर भागत नाही. असा दावा लावण्याची मुदत, ज्या गोष्टीमुळे दस्त रद्द होऊ शकतो ती कळल्यापासून तीन वर्षे आहे. तेव्हा तारीख तपासून ताबडतोब वकिलाला भेटावे. सह्या जर तलाठ्यापुढच्या जबाबावर किंवा साध्या कागदावर झाल्या असतील, तर गोष्ट निराळी आहे. स्थावर मिळकतीतला हक्क नोंदणी न केलेल्या कागदाने सुटत नाही हा सर्वसाधारण नियम आहे, आणि सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणजे मालकी गेली असेही होत नाही, कारण फेरफाराची नोंद महसुलासाठी असते. म्हणून सर्वांत आधी त्या फेरफाराचा उतारा काढा आणि तो कोणत्या कागदाच्या आधारे मंजूर झाला ते पाहा.

आता हक्क गेला कुठे, हा प्रश्न. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मतःच मिळणारा हक्क तिला दिला नाही. त्यातच कलम २३ असे होते की राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागेपर्यंत मुलीला मागता येत नसे. म्हणजे घरात तिचा हिस्सा होता, परंतु तो केव्हा हातात पडायचा हे भावांनी ठरवायचे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा दुरुस्त करून मुलींना सहदायादाचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मतः वाटेकऱ्याचा, दर्जा दिला, पण त्या दुरुस्तीआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने देशभर मुलींना जन्मतः हक्क मिळाला, कलम २३ ही गेले. तरीही त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, यावर पुढे पंधरा वर्षे वाद चालला आणि तो ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपवला : वडील हयात असण्याची अट नाही. १९५६ ते २०२० म्हणजे चौसष्ट वर्षे. या काळात कायदा पायरीपायरीने मुलीच्या बाजूने सरकत आला, आणि दर पायरीवर हक्कसोडपत्राची गरज वाढत गेली. जिला हक्कच नव्हता तिच्याकडून तो सोडवून घ्यायचे कारण नव्हते. हक्क आला, तसा तो सोडण्याचा कागदही घरोघर आला.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातले ते दृश्य मी शेकडो वेळा पाहिले आहे. बाकावर बहिणी ओळीने बसलेल्या असतात, डोक्यावरचा पदर सारखा करत. भाऊ धावपळ करत असतो, चहा सांगतो, ओळख पटवणाऱ्या दोघांना हाताशी धरून ठेवतो. मग कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, आणि "राजीखुशीने लिहून देता ना?" हा प्रश्न, ज्याला "नाही" असे उत्तर मी आजवर ऐकलेले नाही. दारातून बाहेर पडताना पिशवीतली साडी हातात ठेवली जाते. यातला भाऊ दुष्ट असतो असे मुळीच नाही. बहुतेक वेळा तो खरोखरच माया करणारा असतो. पण मायेचा भार एकाच बाजूने का पडतो, हे त्याला कोणी विचारत नाही. भावाने बहिणीच्या नावे हक्क सोडल्याचा एकही दस्त माझ्या हातून गेलेला नाही.

हे लिहिताना एक कबुली देणे भाग आहे. दुसऱ्यांना सल्ला देणाऱ्या मी स्वतः वडिलोपार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र लिहून दिलेले आहे. मसुदा माझाच होता, आणि त्यात "कोणत्याही दडपणाखाली नव्हे" हे वाक्यही मीच घातले होते. आई भावाकडे राहत होती. तिच्या ताटात काय पडेल याची काळजी मला होती, आणि ती काळजी दडपण या शब्दात बसते की नाही हे अजून ठरवता आलेले नाही. तेव्हा सही केल्याबद्दल आपण स्वतःला दोष देऊ नये. आपली मुलगी मोठी होत आहे. तिच्या वेळी कोणत्या कागदावर काय लिहिले जाते, हे मात्र आपल्या हातात आहे. मुलगा असल्यास त्यालाही हे आत्ताच सांगून ठेवावे.

प्रश्न : समता म्हणजे सर्वांना सारखी वागणूक. मग जातीवर राखीव जागा देणे हे समतेच्याच विरुद्ध नाही का? संविधानातच ही विसंगती आहे असे मला वाटते.
— एक अभियंता

उत्तर : आपल्या प्रश्नात 'सारखी' हा शब्द सगळे काम करतो आहे. संविधानाच्या कलम १४ मध्ये दोन गोष्टी आहेत : कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. पहिलीत सर्वांना सारखे मोजणे येते, दुसरीत ज्याला जितक्या संरक्षणाची गरज आहे तितके ते मिळते की नाही हे पाहणे येते. राखीव जागा हा समतेला केलेला अपवाद आहे की समतेचेच एक रूप आहे, हा वाद न्यायालयात फार लवकर पोहोचला. १९५१ मध्ये मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात शैक्षणिक जागांचे जातवार वाटप रद्द ठरले, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले. पुढे १९७५ मध्ये एन. एम. थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपवादाची कल्पना बाजूला सारली आणि मागासांसाठीची तरतूद हा समान संधीचाच भाग आहे असे मानले. १९९२ च्या मंडल निकालात त्यावर शिक्कामोर्तब झाले. आपल्या मातीतले उदाहरण याहून जुने आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, तेव्हा संविधान जन्मालाही आले नव्हते.

पण आपल्याला खटल्यांची यादी नको असेल, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. लिहिलेले आरक्षण दिसते, त्याच्यावर भांडता येते, ते न्यायालयात नेता येते. न लिहिलेले आरक्षण दिसत नाही. भूमिगत गटारात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हे विचारायचीही गरज पडत नाही. तिथे स्पर्धा परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, आणि त्या जागांवर आपला हक्क डावलला गेला अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर कोणी आलेले नाही. मैला हाताने उचलण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली. २०१३ मध्ये अधिक कडक कायदा आला, पण त्याच्या व्याख्येतच पळवाट राहिली : विहित संरक्षक साधने देऊन काम करवले तर ते या व्याख्येत येत नाही. साधने दिली होती असे ठेकेदाराने सांगायचे, आणि नव्हती हे सिद्ध करायला जो हवा तो माणूस गटारात गेलेला असतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागली, यावरूनच मृत्यू थांबलेले नाहीत हे कळते.

आणखी एक उदाहरण मला विशेष झोंबले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतल्या जातीवर आधारित कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्याने करायचा आणि झाडलोट कोणी करायची, हे त्या सरकारी नियमांत चक्क लिहिलेले होते. संविधान लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षे उलटून गेल्यावर ही गोष्ट न्यायालयापुढे आली. विसंगती आपण म्हणता ती आहेच. फक्त आपण ती ज्या पानावर शोधत आहात त्या पानावर ती नाही.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ मध्ये दहा टक्के जागा आल्या आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने त्या कायम ठेवल्या. त्यानंतर 'सर्वांना सारखी वागणूक' हा युक्तिवाद ज्या घरांतून पूर्वी जोरात येत असे, त्यांपैकी काही घरांतून तो आता थोडा हळू येतो, असे माझे निरीक्षण आहे. चूक असल्यास कळवावे.

प्रश्न : नोकरीसाठी शहरात आलो. फोनवर खोली पक्की होते, भाडे ठरते, आणि मग "आडनाव काय?" असे विचारतात. आडनाव सांगितले की "अहो, जागा आत्ताच गेली." चार वेळा असे झाले. मी अनुसूचित जातीचा आहे. माझ्याबरोबर खोली शोधणारा मित्र मुसलमान आहे, त्याचेही तेच. कायदा काही करू शकतो का?
— एक तरुण वाचक

उत्तर : आपल्या बाबतीत कायदा आहे, मित्राच्या बाबतीत जवळजवळ नाही. अस्पृश्यता कलम १७ ने नष्ट झाली, आणि १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास अडवणे हा गुन्हा ठरवला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशीही तरतूद त्यात आहे. परंतु आधी अडवल्याचे कृत्य सिद्ध व्हायला हवे, आणि "जागा आत्ताच गेली" या तीन शब्दांत अडवणे कुठेच दिसत नाही. धर्मावरून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. कलम १५ मधली बंदी मुख्यतः राज्यावर आहे, आणि दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांपुरती ती खासगी व्यक्तींवर येते. त्या यादीत भाड्याची खोली नाही. २००५ मध्ये तर एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने वैध मानला.

व्यवहारात एवढेच सुचवते : बोलणे फोनऐवजी लेखी संदेशावर ठेवावे, आणि नकारानंतर दोन दिवसांनी वेगळ्या आडनावाच्या मित्राला त्याच जागेची चौकशी करायला सांगावी. दोन्ही संदेश जपून ठेवावेत. हे करावे लागते याची मला लाज वाटते, पण पुरावा असाच उभा राहतो.

प्रश्न : मतपेटीत अंबानींचे मत आणि माझे मत सारखे. मग पैशाच्या बाबतीत संविधान गप्प का?
— एक निवृत्त एसटी कर्मचारी

उत्तर : गप्प नाही. कलम ३८ राज्याला उत्पन्नातील विषमता किमान पातळीवर आणण्यासाठी झटायला सांगते, आणि कलम ३९ संपत्ती मूठभरांच्या हाती साचू नये असे म्हणते. मात्र ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि ती न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत, हे कलम ३७ मध्येच लिहिले आहे. म्हणजे येथे अर्ज करण्याचीसुद्धा सोय नाही. एके काळी वारशावर मालमत्ता शुल्क होते. ते १९५३ मध्ये आले आणि १९८५ मध्ये गेले. संपत्ती कर १९५७ मध्ये आला आणि २०१५ मध्ये रद्द झाला. या करांतून फारसे हाती लागत नाही, वसुलीचाच खर्च जास्त होतो, असे कारण दोन्ही वेळा दिले गेले आणि त्यात तथ्यही होते. पण वसुली सुधारण्याऐवजी करच काढला गेला. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. अशा अंदाजांच्या पद्धतीवर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहेत, दिशेवर फारसे नाहीत. एका ठिकाणी मात्र समता काटेकोरपणे पाळली जाते : कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीवर आपण जितका जीएसटी भरता, तितकाच तेही भरतात.

प्रश्न : महिला राखीव जागेवर मी सरपंच झाले. मासिक सभेत माझ्या खुर्चीवर माझे पती बसतात, मी शेजारी. गावात त्यांनाच 'सरपंच' म्हणतात. ते वाईट नाहीत, पण मला बोलायला मिळत नाही. भांडण न करता काय करता येईल?
— एक सरपंच

उत्तर : २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. जागा राखून ठेवता आली. खुर्चीत बसण्याचे काम कोणी राखून ठेवू शकत नाही. कायद्याने सभेचे अध्यक्षपद आपले आहे, आपल्या पतींचे नाही, आणि तिथे त्यांना ना मत आहे ना सही. आपण मात्र त्यांच्याशी वाद घालून सुरुवात करू नये, कारण मग विषय घरात जाईल आणि घरात आपली बाजू एकटी पडेल. सुरुवात कागदापासून करावी.

सभेची नोटीस निघण्याआधी विषयपत्रिका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून स्वतः मागवून घ्यावी आणि त्यात एक तरी विषय आपला घालावा. आपल्या गावात पाणी कोणत्या आळीत शेवटी येते, हा विषय चालेल. सभेत तो विषय आपणच वाचून दाखवावा, कारण ज्याने विषय मांडला त्याला बोलावेच लागते. दुसरे असे की इतिवृत्तात उपस्थितांची नावे लिहिताना सदस्य आणि बिगरसदस्य अशी वेगळी नोंद करायला सांगावी. आपले पती सभेत असतील तर त्यांचे नाव दुसऱ्या यादीत येईल, आणि त्यासाठी कोणाला एक शब्दही बोलावा लागणार नाही. इतिवृत्ताची वही घरी सहीसाठी पाठवण्याची प्रथा असेल तर ती बंद करून सही कार्यालयात, पूर्ण वाचून करावी. पहिल्या महिन्यात वाचायला वेळ लागेल. लागू द्यावा, तोवर बाकीच्यांनी बसून राहावे.